रेषांत नसलेली तारीख

मला कुणाचं पुरतं ऐकून घ्यायची सवय नाही. अर्धं ऐकते, उरलेलं मनानंच जुळवते. आई म्हणते, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. वसमतच्या मार्टात काउंटरला लागले तेव्हा माझ्याकडं बैल नव्हता, स्कॅनर होता, एवढाच फरक.

स्कॅनर बसवायला आलेल्या माणसानं आम्हाला उभ्या उभ्या सगळं समजावलं होतं. पाकिटावरच्या काळ्या-पांढऱ्या रेषा म्हणजे नुसते आकडे. उजेड पडला की पांढरं तो परत पाठवतं, काळं गिळून टाकतं, त्यावरून मशीन आकडे वाचतं आणि त्या आकड्यांचं नाव नि भाव कॉम्प्युटरात शोधतं. सहसा तेरा आकडे असतात. शेवटचा आधीच्या बारांवर राखणीला. एखादी रेष चुकीची वाचली गेली तर हिशोब जुळत नाही आणि मशीन आवाजच देत नाही. हे मला फार आवडलं. चूक असली की मशीन गप्प बसतं, एवढं मी डोक्यात घेतलं. पुढं तो माणूस बोलतच होता, पण माझं लक्ष नव्हतं.

नोकरीला दोनेक महिने झाले असतील. ऊन तापायला लागलं होतं. शेठ म्हणाले, "लेकरांच्या रॅकची एक्स्पायरी बघून घे." म्हणजे एकेक डबा उलटा करायचा, बुडाशी छापलेली बारीक तारीख वाचायची आणि संपलेला माल बाजूला काढायचा. मी म्हटलं, एवढी डोळेफोड कशाला? बिनवायरचा स्कॅनर घेतला आणि एकेक डबा मारत सुटले. टूं, टूं, टूं. सगळे वाजले. तारीख संपलेली असती तर वाजलाच नसता, अशी माझी पक्की समजूत. वर 'जुना माल पुढं' हा दुकानाचा नियमही पाळला. मागं धूळ खात पडलेले दुधाच्या पावडरचे डबे पुसून अगदी हाताला येतील असे लावले. अर्ध्या तासात काम खलास. शेठही खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. खांद्याशी तीन-चार महिन्यांचं लेकरू, ते रडून रडून लाल झालेलं. तिनं दुधाच्या पावडरचा एक डबा काउंटरवर ठेवला. मी स्कॅन मारला, वाजला. पॉइंटसाठी मोबाईल नंबर विचारला तर म्हणाली, "फोन मालकाकडं असतो, ते गेले पुण्याला कामाला." जाताना हट्टा गावाला जायची गाडी कधी आहे ते विचारलं, मी सांगितलं, आणि ती गेली.

अकराच्या सुमारास एक रिटायर गुरुजी आले. नातवासाठी तोच डबा. मी स्कॅनर उचलला तोवर त्यांनी डबा उलटा करून चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हा तर मागच्या महिन्यात संपला."

"गुरुजी, मशीन घेतंय की."

"मशीन घेतंय म्हणून लेकराच्या तोंडात घालू का?"

मला रागच आला. त्यांच्या हातातून डबा घेतला, तारीख वाचली. महिना गेलेला होता. तरी स्कॅन मारला. टूं. रॅककडं धावले, मागचा नवा डबा आणला, दोन्ही शेजारी ठेवले. रेषा त्याच, खालचे आकडे तेच, शेवटचा राखणदारही तोच. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. त्या रेषा फक्त हे काय आहे ते सांगतात. कधीचं आहे ते त्यांना माहीतच नसतं.

कॉम्प्युटरला विचारलं तर म्हणाला, आज एक डबा विकला. जुना का नवा, ते त्याला कुठून कळणार? पण मला कळत होतं. पुढं कुणी लावले होते? मीच.

शेठला सांगितलं. ते हळूच म्हणाले, "महिनाच तर झालाय. आली तर बदलून देऊ."

"आन न्हाई आली तर?"

"हळू बोल, गिऱ्हाइकं ऐकून राहिलेत."

त्यांच्यावर चिडायला तरी मला तोंड होतं का? तरी चिडले. एक नवा डबा घेतला, त्याची तारीख तीनदा वाचली आणि स्कूटी काढली. शेठ मागून काहीतरी बोलले, ते मी ऐकलं नाही.

रस्त्यावर हळदीच्या पोत्यांचे ट्रॅक्टर एकामागं एक. ओव्हरटेक करायला जागा नाही. हॉर्न वाजवून अंगठा दुखला. डोक्यात एकच हिशोब चालू होता: गाडी किती वाजता पोचली असेल, डबा फोडला असेल का, लेकरू तर सकाळपासूनच भुकेलं होतं. खराब पावडरनं काय होतं हेही मला माहीत नव्हतं. जुलाब? का आणखी काही? आपल्या हातानं एखादं लेकरू जाईल, असं पहिल्यांदाच मनात आलं आणि मी रडत रडत गाडी चालवत होते.

हट्ट्यात स्टँडवर चहावाल्याला विचारलं, सकाळच्या गाडीनं लेकरू घेऊन उतरलेली, नवरा पुण्याला असलेली बाई कुठं राहते. त्यानं बराबर घर दाखवलं. ती दारातच बसली होती. मांडीवर लेकरू झोपलेलं, शेजारी बाटली, तळाशी बोटभर दूध. डबा उघडलेला. मी तो उलटा केला. जुनाच.

"ताई, ह्याची तारीख संपलीय," मी म्हणाले. "चूक माझी आहे. चला, आधी लेकराला दवाखान्यात दाखवू."

ती उठली, लेकराला कापडात गुंडाळलं आणि माझ्या मागं गाडीवर बसली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लेकराचं पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला. "आत्ता तरी काही नाही. दोन-तीन तास इथंच बसा. उलटी, जुलाब झाले की सांगा." आम्ही बाकावर बसलो. लेकरू झोपलेलंच. दर थोड्या वेळानं मी त्याच्या नाकापुढं बोट धरत होते. तिनं दोनदा माझा हात बाजूला केला.

मी किती वेळा माफी मागितली कोण जाणे. मशीन कसं असतं, मला काय वाटलं होतं, सगळं सांगत बसले. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्या वाचली व्हती तारीख. तिथंच, दुकानात. दहावी झालीय माझी."

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"तुमचं मशीन वाजलं. तुमी पिशवीत बी टाकलं. मला वाटलं, आपलंच वाचायला चुकलं आसंल."



तीनच्या पुढं लेकरू जागं झालं आणि जोरात रडायला लागलं. उलटी नाही, जुलाब नाही. सिस्टर म्हणाल्या, "भूक लागलीय, चांगलं लक्षण आहे, पाजा." मी नवा डबा पुढं केला. तिनं तो उलटा केला, तारखेवर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. मग सिस्टरांकडून उकळून कोमट केलेलं पाणी आणि धुतलेली बाटली घेतली, चमच्यानं मोजून पावडर टाकली, हलवली. बाटली लेकराच्या ओठाजवळ नेली आणि थांबली. झाकणात थोडं दूध ओतून माझ्यापुढं धरलं.

"आधी तुमी प्या."

मी प्याले. तिनं लगेच बाटली दिली नाही. लेकरू तिच्या मांडीवर टाचा घासत रडत होतं, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत बसली.