माझं नर्स म्हणून सिलेक्शन

मंदीत दुबईतली माझी इंजिनिअरची नोकरी गेली आणि तिसऱ्याच आठवड्यात माझी निवड झाली. नर्स म्हणून!

झालं असं, की माझा व्हिसा कॅन्सल झाला आणि देश सोडायला तीस दिवस मिळाले. बायको, किरण, लग्नाआधी पाच वर्षं मॅटर्निटी वॉर्डात नर्स होती. तिला नोकरी लागली तर तिच्या व्हिसावर आम्ही राहणार, नाहीतर गाशा गुंडाळून पुण्याला. दर तीन महिन्यांनी वेगळ्या दवाखान्यात नर्स पाठवणारी एक एजन्सी सापडली. किरणचा फॉर्म अर्थातच मी भरला. त्यात मोबाइल नंबर अर्थातच माझा टाकला. (आमच्या घरात गॅसच्या कार्डापासून मुलीच्या शाळेपर्यंत सगळीकडे माझाच नंबर. कुटुंबप्रमुख ना!)

फोनवर इंटरव्ह्यू सोमवारी होता. फोन आला रविवारी, किरण खाली ग्रोसरीत दही आणायला गेली असताना.

"किरण देशपांडे?"

"स्पीकिंग!" मी म्हणालो. नऊ वर्षांची ऑफिसची सवय, दुसरं काय! आणि जो फोनवर भेटणार नाही त्याचं नाव बाद, असं एजन्सीने आधीच बजावलं होतं. किरण वर येईपर्यंत किल्ला लढवू, असं मी ठरवलं.

"मॅटर्निटी का एक्सपीरियन्स?" एजन्सीच्या थॉमस साहेबांनी विचारलं.

"पाँच साल!" (किरणचीच पाच वर्षं. खोटं कुठे बोललो?)

"लेडीज पेशंट को प्रॉब्लेम नहीं होता?"

"उलटा, मुझे ही बुलाते हैं!"

पलीकडे फॉर्मचं पान उलटल्याचा आवाज आला. "ट्रॅव्हल करोगे तो बच्ची को कौन देखेगा?"

"हजबंड देखेगा ना!"

"किसका हजबंड?"

"मेरी वाइफ का!" मी घाईघाईने म्हणालो.

थॉमस साहेब बहुधा पाणी प्यायले. मग म्हणाले, "मेल नर्स मिलता नहीं है. अबू धाबी के मुसफ्फा में वर्कर्स के कॅम्प का क्लिनिक है. यू आर सिलेक्टेड. परसों पासपोर्ट लेके आओ. यल्ला, चलो!"

किरण दही घेऊन आली. "अभिनंदन, तुझं सिलेक्शन झालं!"

"मी इंटरव्ह्यू कधी दिला?"

"मी दिला."

तिने सगळं ऐकून घेतलं. "अहो, त्या कॅम्पात पुरुष नर्सच घेतात! माझा चान्स घालवलात ना?" ती दह्याचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. तीसपैकी एकोणीस दिवस संपले होते. मला खरोखर लाज वाटली.

"बाबा, डिड यू गेट आईज जॉब?" लेकीने विचारलं.

मंगळवारी आम्ही दोघं एजन्सीत गेलो. थॉमस साहेबांनी किरणच्या पासपोर्टवरचा फोटो पाहिला, किरणकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ये किरण है, तो आप कौन?"

"हजबंड."

"आपकी वाइफ का?"

"सर," किरण मध्येच म्हणाली, "इंटरव्ह्यू मेरा लीजिए. और इनको बाहर बिठाइए."

मला बाहेर बसवलं. पाऊण तास मी काचेतून नुसते ओठ हलताना बघत होतो. अखेर ती हसत बाहेर आली. "अबू धाबीच्या खलिफा सिटीत तीन महिने. पुढे पाठवतील तिथे!"

मागून थॉमस साहेब म्हणाले, "मॅडम अच्छा है. लेकिन कॉन्फिडन्स पहलेवाले किरण का ज्यादा था."

किरणचा व्हिसा झाला, मग तिच्या व्हिसावर माझा अर्ज भरायला आम्ही टायपिंग सेंटरमध्ये गेलो. टायपिस्टने माझ्याकडे बघून विचारलं, "प्रोफेशन?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात किरण म्हणाली, "भैया, इनसे मत पूछो. सर्जन बोल देंगे!"

किती हा अविश्वास! मी फक्त फिजिओथेरपिस्ट म्हणणार होतो.