लाल फडक्यातलं दुसरं पुस्तक

मुलगी पुण्याची नोकरी सोडून भिलाईला परतली, तेव्हा माझी श्रद्धा कंत्राटी कामगारासारखी झाली होती. हजेरी रोजची, भरवसा कशाचाच नाही. इथल्या रुआबांधा वस्तीतल्या आमच्या घरात ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असे. तिचं मराठी ऐकून तिकडे पुण्यात लोक हसत, तिला हिंदीवाली म्हणत; इकडे छत्तीसगडात आम्ही जन्मभर मराठीवाले. आपण नेमके कुठले, हेच तिला कळेनासं झालं होतं. एके दिवशी ती आईला म्हणाली, "मले जगावंसंच नाही वाटत." तेव्हापासून बायको तिच्या खोलीच्या दारातच बसून राही. डॉक्टरचं नाव काढलं की मुलगी पांघरूण डोक्यावर ओढून घेई.

मी मात्र दोषी शोधत होतो. स्टील प्लांटात आयुष्य गेलं. बिघडलेला भाग काढून फेकायचा, एवढीच माझी विद्या. तिच्या उशाशी एक हिंदी कादंबरी असायची, परमुलखातून परतलेल्या आणि घरातही घर न सापडलेल्या मुलीची. हेच पुस्तक पोरीला बिघडवून राहिलं, असं मी ठरवलं. ती झोपलेली पाहून ते उचललं, शिवनाथ नदीत सोडायला. पण पुस्तक म्हणजे सरस्वती, उघडं कसं सोडणार? लाल फडक्यात बांधलं, हळदकुंकू वाहिलं आणि आज्ञा मागायला देवापुढे ठेवलं. माझी अक्कल पाहा, शेजारीच आमची पोथी होती, तीही लाल फडक्यातच.

स्कूटरने नदीवर गेलो, गाठोडं पाण्यात सोडलं. फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारायणाला बसलो. संकल्प मुलीसाठीच होता, आणि आसनावर बसलं की अध्याय पुरा केल्याशिवाय उठायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. फडकं सोडलं, तर आत कादंबरी. आजोबांनी भंडाऱ्याहून आणलेली पोथी मी स्वतःच्या हातांनी बुडवली होती. उठावं तर संकल्प मोडतो, आणि मोडला तर पोरीचं काय, या भीतीने पाय हलेनात. देवाची क्षमा मागितली आणि कादंबरीचं पहिलं प्रकरण पोथीच्याच चालीत, हेल काढून वाचायला लागलो.

त्यातली मुलगी घरी फोन लावते आणि न बोलताच ठेवून देते, कारण आई आवाजावरून ओळखेल. तिथे माझा हेल तुटला. मागे कोणीतरी येऊन बसलं होतं.

"बाबा, हे असं गाऊन नाही वाचत," मुलगी म्हणाली. "रडून राहिले का तुमी?"

"धूर गेला डोळ्यात."

"उदबत्ती तर लावलीच नाही तुमी."

तिने पुस्तक ओढून घेतलं आणि पुढचं स्वतः वाचू लागली, अडखळत, थांबत. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "असंच होते मले. सांगता येत नव्हतं." प्रकरण संपवून म्हणाली, "आई म्हणते त्या डॉक्टरकडे घेऊन चला मले."

औषध चालू आहे. अजूनही काही दिवस भिंतीकडेच जातात. मी पोथी बुडवली हे बायको नातेवाइकांना रंगवून सांगते, आणि मी मान खाली घालून ऐकतो. त्या दिवशी कोणतं गाठोडं उचलायचं हे देवाने माझ्या शहाणपणावर सोडलं नाही, याचे उपकार मी कसे फेडू? कादंबरी अजून त्याच फडक्यात, देवापुढे असते. सकाळी हात जोडतो, मागत काही नाही. मागे ती येऊन बसल्याची चाहूल लागेपर्यंत फक्त डोळे मिटून असतो.