कौतिकमावशीचं टमाट्याचं पाणी

कौतिकमावशीच्या छायाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "बनू, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि मी वेड्यासारखं विचारलं, "जेवली होती का?" छाया म्हणाली, "सकाळी दोन चमचे भात खाल्ला होता." कौतिकमावशी ऐंशीच्या घरात होती, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. बातमी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता सांगायचं कोणाला, एवढंच आलं. या गोष्टीला सव्वा महिना होऊन गेला. एक गोष्ट तिला सांगायची पन्नासेक वर्षं राहून गेली होती. ती आता कागदावर उतरवते आहे, म्हणजे फारच उशीर झाला आहे.

आम्ही मूळचे फुलंब्रीकडचे, धनगर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. बाबांनी ती विकली आणि चिकलठाण्याला एका कारखान्यात कामाला लागले. त्या काळात खेड्याखेड्यातून माणसं अशी शहरात येत होती आणि कारखान्याच्या भोंग्यावर उठायला, जेवायला, झोपायला शिकत होती. कारखान्यापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर पत्र्याच्या आठ खोल्यांची ओळ होती. तिसरी खोली आमची, सहावी कौतिकमावशीची. तिचा नवरा बाबांच्याच खात्यात, बहुतेक एकाच पाळीला. ते पैठणकडचे, बौद्ध. ओळीत कोण कोणाचं हे सगळ्यांना माहीत असायचं आणि नळावर तर ते रोज दिसायचं. मावशी आपली घागर सगळ्यांच्या शेवटी लावायची. तिला तसं कोणी सांगितलं होतं की ती आपणहून लावायची, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही.

माझी आई गावाकडून आली ती चुलीची सवय घेऊन. इथं तर भुशाची शेगडी. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा आणि मग बाटली अलगद काढून घ्यायची, म्हणजे जाळाला वाट राहते. आईची बाटली काढताना भुसा हमखास ढासळायचा आणि खोलीभर धूर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मावशी धूर बघून सरळ आत आली, आईला बाजूला सारलं आणि शेगडी भरून दिली. "दम धर ना बाई, बाटली काय पळून चालली व्हय?" असं वर म्हणाली. ती गेल्यावर आईच्या लक्षात आलं की ही बाई थेट आपल्या चुलीपाशी येऊन बसली होती. आई स्वतःशीच हसली, म्हणाली, "आता काय, शिवून झालं सगळं." आणि तो विषय आमच्या घरापुरता तिथंच संपला.

चौथीत असताना मला ताप आला, लांबलेला, हाडं दिसायला लावणारा. तोंडाची चव गेली. दूध बघितलं तरी उमळून यायचं. आई भाकरीचा घास घेऊन मागं लागायची आणि मी भिंतीकडं तोंड करायचे. एक दिवस मावशी आली, माझा हात हातात घेऊन बघितला आणि आईला म्हणाली, "हिला भाकर काय चारती? थांब जरा." थोड्या वेळानं ती पोचा आलेलं जर्मनचं एक पातेलं पदरात धरून आली. टमाटे शेगडीच्या आरावर काळे होईस्तोवर भाजायचे, साल काढून हातानंच कुस्करायचे, लसणाची फोडणी, जिरं, मीठ आणि गुळाचा इवलासा खडा. याला सार म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत कळलं. आमच्यासाठी ते टमाट्याचं पाणी. "लई गरम हाय, फुंकून पी," मावशी म्हणाली. मी प्यायले. घशातून खाली उतरताना ते कळत होतं, आंबट, गोड, जरा करपट... आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली, तशी मावशी तिच्यावरच खेकसली, "रडती काय, वाटी आण."

त्यानंतर ते पातेलं आमच्या दोन घरांमध्ये फिरायला लागलं. टमाटे स्वस्त झाले की मावशी दाण्याचं कूट घालून चटणी करायची, हिरवे मिळाले तर लसूण-मिरची घालून ठेचा, कधी वांग्यात, कधी नुसत्या कांद्यात. पातेलं आमच्याकडं आलं की आई ते घासूनपुसून ठेवायची आणि काहीतरी घालूनच परत द्यायची. गावाकडून आलेल्या शेंगा, मूठभर हरभरा, काही नसलं तर गुळाचा खडा. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही रीत दोघींच्याही घरची. रिकामं दिलं म्हणजे, बाई, आता पुरे, असं सांगितल्यासारखंच. पातेलं पोहोचवायचं काम माझं असायचं आणि मला ते आवडायचं, कारण मावशी ते हातात घेताना प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणायची, "अगं बाई, काय आणलं माझ्या बनूनं!" हरभऱ्याच्या मुठीला एवढं कौतुक मी पुन्हा कधी बघितलं नाही.

मग नामांतराचं वर्ष उजाडलं. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आम्हा पोरांना त्यातलं कळायचं ते एवढंच की मोठी माणसं बोलता बोलता गप्प होतात. गावोगाव दलितांच्या वस्त्या जाळल्या. मावशीच्या खोलीत एकाएकी माणसं वाढली, तिची नणंद, तिची तीन लेकरं, एक म्हातारा. त्यांच्या अंगावर होते तेवढेच कपडे होते. छाया माझ्याशी खेळायला यायची बंद झाली. त्याच दिवसांत आमचे थोरले चुलते, आबा, कारखान्यात चिकटता येतं का बघायला गावाहून येऊन राहिले होते. ते गावच्या बातम्या सांगायचे आणि त्या सांगताना त्यांना जरा मजा यायची, असं मला आज वाटतं. तेव्हा मला त्यांची फक्त भीती वाटायची.

नागपंचमीला आईनं पुरणाची दिंडं उकडली. मावशीचं पातेलं आठवड्यापासून आमच्याकडं होतं. आईनं त्यात चार दिंडं ठेवली, वर झाकण घातलं. आबा दारातच विडी ओढत बसले होते. म्हणाले, "तिकडं काय पेटलंय ठाऊक हाय का तुला? अन् तू सणाचं त्यांच्या दारी धाडती?" आई थोरल्या दिरासमोर कधी मान वर करून बोलत नसे. बाबा पाळीला गेलेले. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "तिचं पातेलं हाय, रिकामं देऊ व्हय? पोर तापानं फणफणली तव्हा गाव नाय आलं, आबा." एवढं बोलून तिनं पातेलं माझ्या हातात दिलं आणि आत वळली. आईचं आयुष्य मी जवळून बघितलं आहे. इतकं धीटपणे ती त्याआधी कोणाशी बोलली नव्हती, त्यानंतरही नाही.

मी उंबरा ओलांडला तसा आबांनी माझा दंड धरला. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "जा, जा. पण तिथं खाणं दिल्याचं गावात कळलं, तर तुझ्या बापाला भावकीत कोणी बसू द्यायचं नाय. तुझ्यापायी." मी दहा वर्षांची होते. मागं आई होती, दारात आबा होते, पुढं मावशीचं दार. मी चौथ्या-पाचव्या खोलीपर्यंत चालत गेले. पावसाची भुरभुर होती, बाहेर कोणी नव्हतं. पाचव्या खोलीच्या कोपऱ्याला नाली वाहत होती. मी झाकण काढलं आणि चारही दिंडं नालीत उपडी केली. एक वाहून गेलं, तीन चिखलात तशीच बसली. मग पातेलं पावसाच्या पाण्यानं विसळलं, मावशीच्या दारात ठेवलं, कडी वाजवली आणि पळत सुटले. मला वाटलं, मी हुशारी केली. पातेलं पोहोचलं म्हणून आई खूश, खाणं गेलं नाही म्हणून आबा खूश, आणि बाबांची भावकीतली जागाही शाबूत.

मावशीकडून त्यानंतर काही आलं नाही. टमाटे स्वस्त झाले, महाग झाले, पण ते पातेलं आमच्या घरी पुन्हा आलं नाही. आईनं महिनाभर वाट बघितली. नळावर दोघी एकमेकींना विचारायच्या, "बरं हाय ना?" आणि घागरी उचलायच्या. आईला वाटलं, जे झालं त्यानंतर कौतिकाला आता आमच्यासारख्यांचं नाव नको, आणि तिचं काय चुकलं? मावशीला काय वाटलं असेल ते मला पक्कं ठाऊक होतं. धनगराच्या बाईनं सणाच्या दिवशी रिकामं भांडं धाडलं. मी एक शब्द बोलले असते तर दोघींची दारं एकमेकींसाठी पुन्हा उघडली असती. मी बोलले नाही. आधी माराच्या भीतीनं आणि मग लाजेनं. पुढं वर्षभरात मावशीच्या घरच्यांनी दुसरीकडं खोली घेतली. वाळूजला कारखाने उभे राहिले तसे बाबाही तिकडं गेले.

पुढं विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा कॉलेजात पुन्हा भेटलेल्या छायानं मला गेटपाशी बोलावलं होतं. निळे झेंडे, ढोल, रडणारी-हसणारी माणसं. पांढऱ्या लुगड्यातली मावशी गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आली आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला. "आई कशी हाय गं?" तिनं विचारलं. मी पेढा भरल्या तोंडानं "बरी आहे" म्हणाले. तेव्हा सांगायला हवं होतं. आई शेवटची काही वर्षं माझ्याकडं होती. दुपारी पडल्या पडल्या मधूनच विचारायची, "कौतिकाला माझं काय लागलं असंल गं?" मी म्हणायचे, "जुनं झालं आता, झोप." आई गेली तीही हाच प्रश्न घेऊन. आजही दुपारी घरात कोणी नसलं की तो मला ऐकू येतो, तिच्याच आवाजात, आणि मी हातातलं काम टाकून उभी राहते.

मावशी जायच्या पंधरा दिवस आधी मी तिला भेटायला गेले होते. यावेळी सांगायचंच असं ठरवून गेले होते, रिक्षात शब्दही जुळवले होते. ती पलंगावर इवलीशी झाली होती, पण नजर तीच. तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, सुनेची केली, मेथी कितीला जुडी ते विचारलं. मध्ये दोन-तीनदा ती थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली... मी खिडकीतून बाहेर बघितलं. तासाभरानं उठले. "येते मावशी" म्हणाले, तिनं मान हलवली.

गर्दीत नको म्हणून मावशीच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होऊन गेल्यावर मी छायाकडं गेले. तिनं चहा टाकला आणि मला पुढं राहवेना. ओट्याला टेकून सगळं सांगून टाकलं, आबा, नाली, चार दिंडं. छाया चहा गाळत होती. गाळणं बाजूला ठेवून ती शांतपणे म्हणाली, "माहीत आहे. आईनं बघितलं होतं. दार किलकिलं होतं आमचं, त्या दिवसांत कोण येतंय ते बघितल्याशिवाय उघडत नव्हतो ना आम्ही."

मी खुर्ची ओढून बसले. "मग माझ्या आईला का नाही सांगितलं तिनं?"

"ती म्हणाली, पोरगी भ्याली. आमच्या दोघींचं भांडं त्या लेकराच्या जिवावर आलं, तर भांडंच बंद करू. मोठी झाली की सांगंल आपल्या आईला, मग येईलच ती." छायानं कप माझ्यापुढं ठेवला. "वाट बघायची ती. मागच्या वेळी तू आलीस ना, तुझी रिक्षा वळली तेव्हा आई म्हणाली, आज बी नाय बोलली पोरगी."

चहावर साय धरली. छायानं तो परत गरम करून दिला, मी प्यायले, बसनं घरी आले.

आईच्या खोलीत आता नातवाचं टेबल आहे, पण खिडकीखालची तिची जागा अजून कोणी घेतलेली नाही. मी तिथं जमिनीवर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, कौतिकाला तुझं काही लागलं नव्हतं. तू दिंडं धाडली होतीस, हे तिनं बघितलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं. एकट्या तुलाच नव्हतं." शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी बराच वेळ तिथंच बसून राहिले. नंतर एकदम लक्षात आलं, आई काय म्हणते याची मी अजूनही वाट बघते आहे.