दुपट्टा कोनाले टाकला?

माझ्या वडिलांना मोबाइलच्या बातम्यांचं व्यसन आहे. शेलूबाजारच्या चौकात आमचं दुरुस्तीचं दुकान. आधी रेडिओ-टेपचं होतं, मग टीव्हीचं झालं, आता मोबाइलचं. दुकानात येणारे फोन काच फुटलेले, पाण्यात पडलेले, नाहीतर चार्जिंगच्या भोकात सोयाबीनचा भुसा गेलेले. पण बाबा बोलणार ते अमेरिकेत काल दाखवलेल्या फोनबद्दल. कॅमेरे किती, बॅटरी कशी, आणि मधून दुमडणारा तो नवा फोन कुठे मोडतो. त्याला ते 'घडीचा फोन' म्हणतात, जसा काही तो इस्त्रीवाल्याकडून आलाय. तो त्यांनी कधी हातात धरलेला नाही. तरी जीपची वाट पाहणाऱ्यांना त्याचे दोष ते असे समजावून सांगतात, की माणूस आपल्या खिशातल्या जुन्या फोनवर खूश होऊन जीपमध्ये चढतो.

मीही या दुकानात बसते. माझं सासर गावातच आहे. पोरं शाळेत जायला लागली तशी मी दुपारी बाबांचा डबा घेऊन यायला लागले. मग थांबायला लागले, मग हळूहळू फोन उघडायला लागले. बाबांनी शिकवलं. शिकवताना ते ओरडायचे, आणि मी काही ऐकून घेणारी नाही, मीही ओरडायचे. समोरच्या चहावाल्याची त्यात चांगली करमणूक व्हायची. दुकानाच्या पाटीवर बाबांच्या नावापुढे 'अँड सन' लिहिलेलं आहे. तो सन, म्हणजे माझा भाऊ, पुण्याला कंपनीत आहे आणि परत येणार नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहून विचारलं, ही कोण, तर बाबा सांगत, "पोरगी होय. मदतीले येते." ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण तोवर बाबांचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीवर वाजायचा. बारीक सोल्डरिंग त्यांच्याच्यानं होईना. ते फोन माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, "पाह्य वं माय, मले या चष्म्यातून दिसून नाई राह्यलं." चष्मा नवा होता. पण मी कधी तसं म्हटलं नाही. फोन घ्यायचे आणि खाली मान घालून काम करायचे.

आणि मग एकदा मी माहेरी जेवायला असताना त्यांनी सांगून टाकलं की दिवाळीच्या पाडव्यापासून दुकान किरायानं देऊ. मेडशीचा एक चपलांचा दुकानदार विचारून गेला होता. "पोरगा येत नाई, मंग कायले ठेवाचं?" ते म्हणाले. आईनं मान हलवली. मी शेजारीच बसून भाकरी मोडत होते, मला कोणी विचारलं नाही.

मला ते दुकान हवं होतं. चार पैसे मिळतात म्हणून हवं होतंच, पण तेवढ्यासाठी नाही. तिथे मी कोणाची सून नसते. मेलेला फोन माझ्या हातात उजळतो, समोरच्या बाईचा चेहरा खुलतो, आणि त्या घटकेला मला मी फार आवडते. हे बाबांना सांगायचं मी रोज ठरवायचे, आणि रोज भलत्याच गोष्टीवरून त्यांच्याशी भांडून घरी जायचे.

अशातच एका दुपारी दुकानात मी मोबाइलवर बातमी वाचली. जिच्या फोनबद्दल बाबा सगळ्यात जास्त बोलतात, त्या परदेशी कंपनीचा प्रमुख पद सोडणार होता. त्याला बाबा 'आपला मोठा साहेब' म्हणायचे. दरवर्षी नवा फोन हातात घेऊन मंचावर उभा राहिलेला तो माणूस त्यांनी व्हिडिओत इतक्यांदा पाहिला होता, की तो आमच्या नात्यातला कोणी वाटावा. मी ओठांत स्क्रू धरला होता. तशीच म्हणाले, "बाबा, तुमचा मोठा साहेब गेला."

बाबांनी कप खाली ठेवला. उठले आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

आमच्या चौकात कोणी दुकानदार वारला, की त्याला नेईपर्यंत बाकीचे शटर अर्धं ठेवतात. मला वाटलं, बाबांना ऊन लागत असेल. मी काम करत राहिले. बाहेर चहावाल्यानं विचारलं, "काका, कोन गेलं?" बाबा म्हणाले, "फोनवाले मोठे साहेब." चहावाल्यालाही काय वाटलं कोण जाणे, त्यानं गाणं बंद केलं. एक जीपवाला "अरेरे" म्हणाला. एक बाई फोन घेऊन आली, तिला वाकून आत यावं लागलं.

"लय लोकायचं घर चालते त्याच्या भरवशावर," बाबा खुर्चीत बसत म्हणाले. "आपलंही चाललंच ना." आणि मग थोड्या वेळानं, हळूच, "दुपट्टा कोनाले टाकला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी, तेरवीला, सोयरे मोठ्या मुलाच्या खांद्यावर दुपट्टा टाकतात. आता घरचा कर्ता हा, असा त्याचा अर्थ. मी इतकी हसले की ओठातला स्क्रू कुठे पडला ते सापडेना.

"बाबा, मेला नाई तो! खुर्ची सोडून राह्यला. सोताहून."

बाबा ओशाळले. शटर वर करायला उठले, पण हात शटरला लावून तसेच उभे राहिले.

"जित्तेपनी?"

"हाव."

"काहून? तब्येत?"

"तब्येत चांगली हाये म्हने. आता दुसऱ्यानं पाहावं म्हने."

"मंग तो काय करन?"

"राहीन ना तिथंच. वरून ध्यान ठेवीन, सल्ला देईन."

बाबांनी शटर वर ढकललं. ऊन आत आलं. ते माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "कोनी मानन त्याचं?"

माझं हसू गेलं. हे साहेबाबद्दल नव्हतं. किरायाच्या त्या सगळ्या गोष्टींमागे काय होतं ते मला आत्ता कळलं. त्यांना दुकान नको झालं नव्हतं. आपल्याच दुकानात रिकाम्या हातानं बसलेला म्हातारा त्यांना व्हायचं नव्हतं. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्या घरी बाप-लेकीत तशी रीत नाही. मी म्हणाले, "मानतीन. न मानाले काय झालं?" आणि स्क्रू शोधायला खाली बसले.

त्यानंतर बाबा त्या बातमीच्या मागेच लागले. नवा प्रमुख कोण, कुठला. एके दिवशी विचारलं, "पोरगा होय का त्याचा?"

"नाई बाबा. तिथलाच हाये. लय वर्सं त्याच्याच हाताखाली काम करत होता."

"अस्सं," बाबा म्हणाले. जरा वेळानं परत म्हणाले, "अस्सं." त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही कोण, तर ते नुसतं "पोरगी होय" म्हणाले. मदतीचं काही बोलले नाहीत. मी ते ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही.

पाडव्याला दुकानात पूजा झाली. आई नैवेद्य घेऊन आली होती. काउंटरवर झेंडूची फुलं ठेवली होती. आणि मेडशीचा चपलांचा दुकानदार नवा शर्ट घालून हजर झाला. त्यानं दुकानाच्या भिंती नजरेनं मोजायला सुरुवात केली. इथं लेडीज, तिकडं पोरांचे बूट. मला त्याचा इतका राग आला की मी प्रसाद त्याला सगळ्यात शेवटी दिला.

बाबा आपल्या खुर्चीतून उठले. त्यांच्या खांद्यावर एक दुपट्टा असतो, उन्हात कानाला बांधायचा, कडा उसवलेला, धुतला तरी सोल्डरिंगचा वास न जाणारा. तो त्यांनी काढला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला. हात थरथरत होते, म्हणून तो एका बाजूनं घसरला. त्यांनी तो पुन्हा नीट केला.

"अवो, सनासुदीचं हे काय अभद्र!" आई ओरडलीच. "तुमी अजून चांगले जित्ते बसले हा ना!"

"म्हनूनच," बाबा म्हणाले. "मी गेल्यावर सोयरे टाकतीन तं पोरावर टाकतीन. मले पोरीवर टाकाचा हाये. तं मलेच टाका लागन, अन् जित्तेपनीच टाका लागन."

मी रडले. चांगली मोठ्यानं रडले, भर चौकात, त्याच दुपट्ट्याला नाक पुसत. चपलांचा दुकानदार बिचारा हातात प्रसाद घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, "मंग काका, दुकानाचं काय?"

"मले नोका इचारू," बाबा दाराजवळच्या स्टुलाकडे जात म्हणाले. ते आजवर माझं स्टूल होतं. "तिले इचारा. आता मी सल्ल्यापुरता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या खुर्चीत बसले. पाण्यात पडलेला एक फोन आला होता. असे फोन मी कित्येक उघडलेत. काय करायचं ते मला पाठ आहे. बाबा स्टुलावर बसून रस्त्याकडे पाहत होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवलेले. जीपची वाट पाहणारा कोणी नव्हता, घडीच्या फोनचा विषयही निघाला नव्हता.

मी फोन त्यांच्याकडे सरकवला.

"बाबा, पाहा बरं. पह्यले काय करू?"

त्यांनी मांडीखालून हात काढले.