मावशीने न दिलेलं पान

बाळांनो, काल डहाणूच्या बाजारातून सुके बोंबील आणले आणि त्या वासासरशी बोर्डीची मासळी विकणारी जमनामावशी डोळ्यांपुढे उभी राहिली. लहानपणी आम्हांला विकतची पुस्तकं परवडत नसत. मावशी रद्दीतल्या पुस्तकाचं एकेक पान फाडून त्यात बोंबील बांधून द्यायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ते पान आधी मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मग घरी न्यायचं, असं आमचं ठरलेलं होतं.

त्या पुस्तकातल्या गोष्टीतली होडी वादळात सापडली तशी मावशी हातातलं काम सोडून ऐकू लागली. तिचा मुलगा मासेमारीला गेला होता, तो परतलाच नव्हता.

शेवटी एकच पान उरलं.

"दे ना मावशी, होडी परत आली का बघू," मी हात पुढे केला.

तिने पानाची घडी करून चोळीत खोचली. "नको गो पोरी. वाचलं नाय तर अजून येल ती."

मी बोंबील ओंजळीत घेऊन रडत घरी आले. मावशी तेव्हा मला दुष्ट वाटली होती. आता लायब्ररीतून हवं ते पुस्तक मिळतं, पण समुद्राची गोष्ट असली की शेवटचं पान उलटायचा मला धीर होत नाही.