कापसाच्या पेटीतली चौथी गोळी

मंडळी, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हळदीकुंकू घेऊन धावायच्या आणि मी लांबून विचारायचे, "आज कोण आलंय, आणि जेवून जाणार का?" आता एकाहत्तरीत मीच हे लिहायला बसले आहे... हसा खुशाल. माझी नात तर वाचायच्या आधीपासूनच हसतेय.

आयुष्यभर मी बंदुका तपासल्या. म्हणजे गोळी कुठल्या हत्यारातून सुटली ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कोर्टाला सांगायचं. प्रत्येक नळी गोळीवर आपले ओरखडे उमटवते. संशयित हत्यारातून आपण नव्या गोळ्या झाडायच्या आणि त्यांचे ओरखडे प्रेतातल्या गोळीशी ताडून पाहायचे. उत्तरं तीनच — जुळते, जुळत नाही, किंवा सांगता येत नाही. निवृत्त होऊन नंदुरबारला घरी आले, तर विद्यापीठाने इथे याच विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि विभागप्रमुख म्हणून मलाच बसवलं. मुलं तोंडावर मॅडम म्हणतात, पाठीमागे बंदूकआजी. मला दोन्ही चालतं.

गेल्या हिवाळ्यात पोलीस मैदानावर सकाळी आमचं प्रात्यक्षिक होतं. झाडलेली गोळी चेपू नये म्हणून एका लांबलचक लाकडी पेटीत कापूस भरतात आणि त्यात गोळी झाडतात. पेटी नवी कोरी, सुताराने आदल्या दिवशी दिलेली. कापूस माझ्या भाच्याच्या शेतातला, शहाद्याकडचा. मी आणि शबनमने तो हाताने पिंजून भरला. शबनम ही माझी विद्यार्थिनी, इथल्याच मणियारांची लेक, जिभेला मिरची लावूनच जन्मलेली. मुद्दाम सांगते — त्या कापसात सरकीसुद्धा राहिली नव्हती.

हवालदारांनी पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. सगळ्या वर्गाने मोजल्या. शबनम कापूस उचकू लागली. एक निघाली, दोन, तीन. तिन्ही तांबूस, चकचकीत.

"मॅडम, अजून एक आहे."

"तीनपर्यंत मोजता येतं ना तुला?"

"येतं. म्हणूनच सांगतेय."

तिच्या तळहातावर शिशाची राखाडी गोळी होती. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरची. तसलं हत्यार त्या दिवशी मैदानावर नव्हतंच. मी ती हातात घेतली. कोमट होती... आत्ताच झाडलेल्या बाकीच्या तिघींसारखीच.

मग उलटी करून पाहिली आणि बाकावर बसले. आमच्यात चाचणीच्या गोळीच्या बुडाशी सुईने क्रमांक आणि सही कोरतात. हिच्या बुडाशी ३ होता, मी काढते तसाच, डोक्यावर सपाट रेघ असलेला, आणि शेजारी माझी आद्याक्षरं. माहेरच्या आडनावाची.

आता तिची ओळख करून देते — लग्नाआधीच्या माझी. कडक इस्त्रीची साडी, किल्ल्यांच्या जुडग्याला रिकामं काडतूस, आणि कोर्टात जाताना चाल अशी की न्यायाधीशांनी उठून खुर्ची द्यावी. "सांगता येत नाही" असं लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना ती शेपूटघाले म्हणायची.

या दीडशहाणीकडे शहादा तालुक्यातली एक केस आली. भावकीच्या भांडणात एकजण गोळी लागून मेला होता, आणि दशरथ आप्पा नावाच्या शेतकऱ्याचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर जप्त झालं होतं. तपास अधिकारी म्हणाले, "आमचं सगळं जमलंय मॅडम, फक्त तुमचा शिक्का हवा." तिने तीन गोळ्या झाडल्या. दोन प्रेतातल्या गोळीशी बऱ्यापैकी जुळल्या. तिसरी कशाशीच जुळेना, आपल्या दोन बहिणींशीसुद्धा नाही. तिथे थांबायला हवं होतं. आणखी झाडून पाहायला हवं होतं. तिने अहवालात लिहिलं — दोन झाडल्या, दोन्ही जुळल्या.

तिसरी पर्समध्ये गेली. त्या शनिवारी एसटीने माहेरी येताना, प्रकाशा गावाजवळच्या पुलावर लोक खिडकीतून तापीत नाणी टाकत होते. हिने नाण्याबरोबर गोळी टाकली. वर हातही जोडले. भाविक पोरगी.

आप्पांना जन्मठेप झाली. गोळीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

"मॅडम," शबनम नोंदवही घेऊन उभी होती, "झाडल्या तीन. सापडल्या किती लिहू?"

"तीनच लिव्हा," हवालदार हळूच म्हणाले. "कशाला झंझट."

त्यांचं बरोबर होतं. तीन लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षं मी तशीच झोपत आले होते.

"चार लिही," मी म्हटलं.

आठवड्याने आप्पांची मुलगी मंगल सापडली. नंदुरबारलाच, मिरची वाळवायच्या पथारीवर मजुरीला. ती लाल मिरच्या पसरत होती, मी शेजारी ठसकत उभी राहून तिला सगळं सांगितलं. ती थांबली नाही.

"आप्पा कोठे शेतस?" मी तिच्याच अहिराणीत विचारलं, आप्पा कुठे आहेत म्हणून.

"गयात. दोन वरीस व्हयनात." म्हणजे वारले होते. मिरच्या पसरता पसरताच म्हणाली, "जेलमधून घर उनात तरी लोके खुनीच म्हनेत."

मी म्हटलं, तिसऱ्या गोळीवरून आप्पांनी मारलं नाही असं सिद्ध होत नाही. एवढंच होतं, की मला ठाऊक नसताना मी ठाऊक आहे म्हणून लिहिलं.

"ते बी लिख," ती म्हणाली. "समदं कागदवर लिखी दे."

आप्पांचा निकाल पुन्हा तपासावा असा मंगलच्या नावाने अर्ज करायचा ठरवलं आणि तिला घेऊन वकील गाठला. पोरगा हुशार. सगळं ऐकून त्याने पेन खाली ठेवलं. "मावशी, गोळी जुन्या कपाटात सापडली असं लिहू. तापीत टाकलेली गोळी कापसात उगवली म्हणालात, तर कोर्ट तुमच्या डोक्याचा दाखला मागेल. मंगलताईंचा अर्ज तिथेच संपेल."

तेही खरं होतं. एकच सोयीची ओळ. पण असली एक ओळ मी पूर्वी लिहिली होती, आणि तिच्यापायी काय झालं ते दाखवायला ही बाई समोर बसली होती. तरी बाप तिचा, नाव तिच्या घराचं. म्हटलं, तूच सांग, काय लिहू?

मंगल हाताची बोटं पदराला पुसत राहिली. मिरची पदराने जात नाही.

"आप्पा बी खरंच सांगे," ती म्हणाली. "कोनी मानं नही. तू बी खरंच सांग."

सांगितलं. पूल, नाणं, पेटी, कापूस, सगळं. शबनमच्या नोंदवहीचं पान जोडलं. कुणीतरी गंमत केली म्हणावं, तर नदीत टाकलेली गोळी आणणार कुठून? तशीच दुसरी केली म्हणावं, तर तिच्यावर काय कोरलं होतं ते ठाऊक कुणाला? गोळी तिथे कशी आली, या प्रश्नापुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलं — सांगता येत नाही.

वकील अजून रागावलेला आहे. कोर्टाने तारीख दिलेली नाही.