विचारणारा कोण बसवायचा

जगात जी माणसं हरतात, नापास होतात, मुलाखतीतून परत पाठवली जातात, त्या सगळ्यांना उत्तर येत असतं, फक्त त्यांच्यासमोर विचारणारा चुकीचा बसवलेला असतो, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो मला साडू म्हणून लाभला आहे. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी, म्हणून मान त्यांचा. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना साडभाऊ म्हणतो आणि तेही मला साडभाऊच म्हणतात. ते जवळा बाजारात माझ्या मायच्या घरापासून चार घरं सोडून राहतात, आणि मी हिंगोलीत शाळेवर गणित शिकवतो. एका वाहिनीचा जमाना होता तेव्हापासून आजवर टीव्हीवर खेळांचे जेवढे कार्यक्रम लागले तेवढे साडभाऊंनी पाहिले आहेत. जुने आता मोबाइलवर शोधून पुन्हा पाहतात. बक्षीस कोणाला गेलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पडद्यावर सुटाबुटातला सूत्रसंचालक हसत हसत आला, की साडभाऊ मांडी घालून बसतात, सोयरीक जुळवायला आलेल्या माणसासारखं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि म्हणतात, "ह्याला उठवा." मग त्याच्या जागी आपल्या भागातलं कोण बसवायचं याचा विचार सुरू होतो, आणि तो जेवणं होईपर्यंत चालतो.

हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला तो त्यांच्या धंद्यातून. धंदा डिश बसवण्याचा. पत्र्यावर चढायचं, छत्री बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवायची आणि खालच्या माणसाला ओरडून विचारायचं, दिसतंय का? या एका प्रश्नावर त्यांनी वीस वर्षं काढली. खाली सून उभी असली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या नाचत असतानाही ती दिसतंय म्हणते, कारण वर तिच्या कुरडया वाळत असतात आणि हा माणूस तिथून कधी उतरतो असं तिला झालेलं असतं. सासू उभी असली तर चित्र आरशासारखं स्वच्छ आलेलं असूनही नाही म्हणते, माणूस चढलाच आहे तर अजून थोडं फिरवून घ्यावं म्हणून. एकदा कंटाळून त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला खाली उभं करून विचारायला लावलं, तर त्याच सासूनं पहिल्या फटक्यात खरं सांगितलं. तेव्हापासून त्यांची खात्रीच पटली. "परश्न त्योच, छत्री तीच," ते मला म्हणाले, "इचारणारा बदलला की उत्तर बदलतं. मग टीव्हीवाले येकाच माणसाला धा-धा वरसं काहून बसवून ठेवून राहिले?"

त्यांच्या नेमणुका मात्र तोलूनमापून केलेल्या असतात. कोटीपर्यंत नेणाऱ्या प्रश्नांच्या खेळाला त्यांनी आमच्या रस्त्यावरच्या एसटीचा एक कंडक्टर दिला आहे. तो कोणाला विचार करायला वेळ देत नाही, पक्कं का म्हणून दहादा विचारत नाही, आणि उत्तर लांबलं तर पुढं सरका म्हणतो. त्याच्या हाती दिला तर तासाचा कार्यक्रम औंढा यायच्या आत संपेल असा साडभाऊंचा हिशेब आहे. बंद पेट्या उघडण्याच्या खेळाला त्यांनी उपकेंद्रातल्या सिस्टरबाई नेमल्या, कारण आत काय आहे हे ठाऊक असूनही चेहऱ्यावरची रेघ हलू न देणारं माणूस तालुक्यात दुसरं नाही. बायकांना साड्या वाटत फिरणाऱ्या कार्यक्रमाला आमच्या गल्लीतला किराणावाला, ज्याच्याकडून आजवर कोणाला चिमूटभर जिरं जास्तीचं मिळालेलं नाही. त्याच्याकडून साडी जिंकली तर ती खरी जिंकली. आणि वस्तूची किंमत ओळखण्याचा जो जुना खेळ होता, त्याला बैलबाजारातला दलाल. हा गडी रुमालाखाली बोटं धरून भाव करतो, बाहेरच्याला काही कळत नाही. मी विचारलं की मग प्रेक्षकांना किंमत कशी कळणार? साडभाऊ चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. "त्यांना काहून कळाय पायजे? त्यांना बैल घ्यायचाय का?"

हा नुसता बोलण्याचा खेळ होता तोवर ठीक होतं. एका वर्षी जयंतीच्या सामान्यज्ञान स्पर्धेला परभणीहून एक प्राध्यापक विचारायला यायचे होते, त्यांचं यायचं रद्द झालं आणि साडभाऊंनी समितीला न विचारता कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यावरचा आचारी आणून खुर्चीत बसवला. आचारी मनानं मोठा. आयुष्यभर त्यानं समोरच्याला पोटभर खाऊ घातलेलं, त्यामुळे कोणाला उपाशी उठवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. राज्यघटनेवरच्या प्रश्नाला एका पोरीनं जवळपासचं काहीतरी सांगितलं, तर तो म्हणाला, चालंल. दुसऱ्यानं त्याहून लांबचं सांगितलं, तेही चाललं. अर्ध्या तासात चाळीस पोरं पहिली आली आणि समितीनं बक्षिसाला आणलेले तीन पेन टेबलावर तसेच राहिले. समितीचे अध्यक्ष आठवडाभर साडभाऊंना जयभीम घालत नव्हते. साडभाऊंचं म्हणणं एकच होतं की ज्या पोरांनी आजवर वर्गात तोंड उघडलं नव्हतं ती त्या दिवशी माइक सोडायला तयार नव्हती, आणि हे मात्र मीही डोळ्यांनी पाहिलं होतं.

सगळ्यांना काही ना काही मिळालं तेव्हा मला काय, ही उत्सुकता मला असणारच. पंचवीस वर्षं मी प्रश्न विचारूनच पोट भरतो आहे. पण माझं नाव काढलं की साडभाऊ विषय बदलायचे. एकदा खनपटीलाच बसलो तेव्हा जड मनानं म्हणाले, "तुमी इचारलं की येत असलेलं पोरगं पण खाली बघतं. तुमच्या भिवया आधी वर जातात, साडभाऊ." त्यांनी मला कार्यक्रमात पाहुण्यांना पाणी द्यायचं काम दिलं. मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे तोंड करून मी भिवया चाचपून पाहिल्या.

त्या भिवयांनी घात केला तो गेल्या हिवाळ्यात. माय जवळा बाजारात एकटीच राहायची. दोनदा तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि गयाबाईकडे जाऊन बसली. गयाबाई म्हणजे तिची तीस वर्षांची कापूस वेचणीची जोडीदारीण. दुसऱ्या वेळी पातेलं जळून घरभर धूर झाला, तेव्हा मी मायला नांदेडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर फार सौजन्यानं वागले. आज वार कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात गेले किती, असं हळू आवाजात विचारत गेले. माय प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची, आणि मी सवयीनं भिवया वर करायचो. शेवटी ती हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत बसली. तिला एकटं ठेवू नका, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. मी तिला हिंगोलीला आणायचं ठरवलं, आणि ती नाही म्हणाली. "तिथं मला कोण वळखतं?" हे एकच तिचं म्हणणं, आणि ते ती ट्रंकेवर बसून म्हणत होती, मला ट्रंक उचलता येऊ नये म्हणून.

साडभाऊ मायच्या बाजूनं उभे राहिले. परीक्षा चुकली म्हणाले, माणूस चुकीचा बसवला होता, आठ दिवस द्या, मी इथंच परत घेतो, मावशी पास झाल्या तर हे घर सोडायचं नाही. मी हो म्हटलं, कारण खरं सांगायचं तर मलाही ती पास व्हायला हवी होती. पहिल्या दिवशी त्यांनी तो कंडक्टर आणला. त्यानं बाजेजवळ उभं राहून बोला म्हटलं, आणि माय बाजेवर सरकून बाजूला जागा करत म्हणाली, एक जवळा बाजार. यातून काही निष्पन्न झालं नाही. दुसऱ्या दिवशी दलाल आला, त्यानं रुमाल टाकून हात पुढे केला, तर मायनं त्याच्या हातावर फटका मारला. हे उत्तर बरोबर धरावं असा साडभाऊंचा आग्रह होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गयाबाई आपणहून आली, सुपात तुरीच्या शेंगा घेऊन. दोघी उंबऱ्याशी सोलायला बसल्या. मी आणि साडभाऊ आत. गयाबाई म्हणाली, आज बाजाराचा दिवस ना गं. माय म्हणाली बाजार काल झाला, तू मेथी आणलीस ती काय झाडाची तोडली का. जरा वेळानं गयाबाई म्हणाली, वेचणी सोडून आपल्याला धा वरसं झाली. धा कशी, पंधरा, तुझा गुडघा गेला तवापासून. गयाबाई म्हणाली माझा कापूस तुझ्यापेक्षा जास्तच भरायचा. यावर माय शेंगा सोडून ताठ बसली आणि तुझ्या वटीत निम्मा पालापाचोळा असायचा हे तिनं वाटसरूंनाही ऐकू जाईल असं सांगितलं. साडभाऊंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ही इचारतच न्हाई," ते कुजबुजले. "ही चुकून राहिली." आयुष्यभर जो सूत्रसंचालक ते पत्र्यांवरून शोधत होते, तो चार घरं पलीकडे शेंगा सोलत बसलेला होता.

गयाबाई पाणी प्यायला आत आली तेव्हा त्यांनी तिला गाठलंच. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "सात-आठ महिने झाले, अशीच बोलते मी तिच्यासंगं. चुकीचं बोललं की तिला राग येतो. राग आला की आठवतं." मला महिन्यातून एकदा येऊन जे दिसलं नव्हतं ते तिनं ओळखून, त्यावर इलाजही करून ठेवला होता. मी शरमेनं खाली बघितलं. मग ती परत उंबऱ्याशी जाऊन बसली, आणि मीही तिच्या मागोमाग बाहेर येऊन मायसमोर बसलो. गयाबाईनं दोन-तीन शेंगा सोलल्या, थांबली, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हा तुझा धाकला भाऊ ना गं? कवा आला?"

मामाला जाऊन बारा वर्षं झाली आहेत. मायनं माझ्याकडे पाहिलं, हसली. "व्हय. लई दिसांनी आला. त्याला च्या टाक."

गयाबाई शेंगा सोलत राहिली, पण दाणे सुपाबाहेर पडत होते. साडभाऊ भिंतीला टेकून उभे होते. आता ते आणखी कोणाचं नाव सुचवतील असं मला वाटलं, नव्हे, त्यांनी सुचवावं असंच वाटत होतं. पण ते माझ्याजवळ येऊन खाली बसले. "इचारणारा बराबर होता, साडभाऊ," ते म्हणाले. "घेऊन जा तुमी मावशीला." दुसऱ्या दिवशी ज्या गाडीतून ते छत्र्या नेतात त्याच गाडीत त्यांनी मायची ट्रंक, बाज आणि सूप चढवलं. गयाबाई गाडीपर्यंत आली आणि मायला म्हणाली, चाललीस का परभणीला? परभणी नव्हे, हिंगोली, असं माय तिच्यावर खेकसली, आणि गयाबाईला तेवढं पुरलं.

त्यानंतर महिनाभर साडभाऊंनी कोणालाही खुर्चीवरून उठवलं नाही, असं माझी मेहुणी सांगते. टीव्हीवर येईल तो सूत्रसंचालक ते मुकाट्यानं पाहायचे. मग एका रविवारी ते हिंगोलीला आले, आणि आता दर रविवारी येतात. गयाबाईची विद्या त्यांनी उचलली खरी, पण चूक करायलाही हात बसावा लागतो. भर उन्हाळ्यात मायला विचारतात, मावशी, आज दिवाळी ना? माय माझ्या बायकोला जवळ बोलावून हळूच सांगते की या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, त्याला कोणाला तरी दाखवा. साडभाऊ खूश होतात. मात्र निघायच्या वेळी, चपला पायात घालून झाल्या की ते दारातून परत फिरतात, माझ्याकडे बोट करतात आणि म्हणतात, मावशी, हे तुमचे भाऊ ना? माय लगेच व्हय म्हणते. पुढच्या रविवारी, असं मला म्हणून ते निघतात. सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा, नका विचारत जाऊ म्हणून मी सांगूनही पाहिलं. आता रविवारी त्यांची चपलांची वेळ झाली की मीच सदरा नीट करून मायच्या समोर जाऊन बसतो.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं. मायनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे, कपाळाला आठ्या घालून, काहीतरी खटकल्यासारखं. बायको कपबशी घेऊन येत होती ती दारातच थांबली. मी भिवया हलू दिल्या नाहीत. मग माय म्हणाली, व्हय, आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मी साडभाऊंना बसस्थानकावर सोडायला निघालो. ते चालत होते तरण्या पोरासारखे.

"उशीर लागला," ते म्हणाले. "आधी इचारायच्या आत व्हय म्हणायच्या. आज बघून राहिल्या होत्या."

मी हो म्हटलं. बस सुटेपर्यंत आम्ही दोघं त्या उशिराबद्दलच बोलत होतो.